बी कुणाचं?

मी कवितेचा माणूस. बी. ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला आणि तोही अर्धवटच, कारण पुस्तकात पुनरुत्पादनाचा धडा आला तेव्हा आमच्या सरांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलं, "हा धडा घरी वाचून घ्या." आम्ही तो घरी वाचला नाही. घरी सगळ्यांच्या देखत तो धडा उघडून बसायची सोयच नव्हती. पुढं तीसेक वर्षं मी प्रेमावर, आईवर, जन्मावर कविता लिहीत राहिलो. पण माणूस जन्माला येतो म्हणजे सुरुवातीला नेमकं काय होतं, तो धडा वाचायचा राहून गेला. तो मला वाचायला लावला एका बाईनं.

काही वर्षांपूर्वी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, जालना जिल्ह्यातल्या एका गावी महिला बचत गटांचा मेळावा होता. मला कविता वाचायला बोलावलं होतं. मी माझी नेहमी टाळ्या घेणारी कविता वाचली. तिच्यात बाई म्हणजे काळी जमीन, पुरुष म्हणजे पेरणारा आणि लेकरू म्हणजे उगवलेलं पीक, अशी उपमा होती. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी पन्नाशीची एक बाई जवळ आली. कपाशीच्या सीड प्लॉटवर रोजानं क्रॉसिंगला जाणारी. म्हणाली, "भाऊ, कविता चांगली हाये. पन बी चुकलं तुमचं."

मला वाटलं, एखादा शब्द चुकला असेल. तिनं समजावून सांगितलं, "आम्ही संध्याकाळी मादीच्या फुलातले नराचे केसर काढून टाकतो. सकाळी नराच्या फुलाची भुकटी आणून मादीला लावतो. मंग बोंड धरतं, मंग त्याच्यात बी होतं. बी दोघांचं असतं, भाऊ. तुमच्या कवितेत बाप्याच्या मुठीत आयतं बी कुठून आलं?"

मला उत्तर देता आलं नाही. एस.टी.नं परत येताना खिडकीशी बसून तिचंच बोलणं डोक्यात घोळत होतं, आणि मला आमच्या गल्लीतला एक ओटा आठवला. त्या ओट्यावर संध्याकाळी दोघी बसत. एक माझी खाला, आईची धाकटी बहीण. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दुसऱ्या शेजारच्या काकू. त्यांना चार मुली, मुलगा नाही. खालाला सासरचे बांझ म्हणत. काकूंना त्यांच्या सासूबाई म्हणत, "हिच्या पोटात मुलीच आहेत." काकू खालाला दर्ग्यापर्यंत सोबत करत आणि खाला काकूंबरोबर देवीच्या देवळाच्या पायरीपर्यंत जाई. दोघींच्या नवऱ्यांना कुणी कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. पीक आलं नाही, जमीन नापीक. नको ते पीक आलं, जमीन वाईट. बी नेहमी चांगलंच. माझ्या कवितेतही ते चांगलंच होतं.

ही उपमा काही मी शोधून काढलेली नव्हती. संस्कृतात क्षेत्र आणि बीज आहे. अरबी-फारसीकडून आमच्या घरच्या बोलण्यात आलेल्या भाषेतही बाईला शेताची उपमा आहे. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनं सांगून ठेवलं होतं की, आई फक्त माल पुरवते, घडण बापाची. इतक्या लांबलांबच्या लोकांना एकच गोष्ट सुचली, याचं कारण साधं आहे. पुरुषाकडचं डोळ्यांना दिसत होतं, बाईकडचं दिसत नव्हतं.

सूक्ष्मदर्शक आल्यावरही हा गैरसमज लगेच गेला नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानं १६७७ मध्ये आपल्या भिंगाखाली वीर्यातले वळवळणारे जीव पाहिले. हेच शुक्राणू. पुढं १६९४ मध्ये हार्टसुकर नावाच्या दुसऱ्या डच माणसानं एक चित्र छापलं. शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला माणूस. असा माणूस त्यानं पाहिला नव्हता. दिसला तर असा दिसेल, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे आयतं बीच! त्याच्या उलट, माणूस आईच्या अंड्यात तयार बसलेला असतो असं मानणाराही एक पक्ष होता. पण ते अंडं तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज पहिल्यांदा पाहिलं ते कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानं, १८२७ मध्ये, एका कुत्रीच्या शरीरात. लेव्हेनहूकनंतर बरोबर १५० वर्षांनी. आणि दोन्हीकडचं केंद्रक एकत्र येताना पाहायला आणखी पन्नासेक वर्षं लागली. १८७५-७६ च्या सुमारास ऑस्कर हर्टविग यानं समुद्रातल्या काटेरी साळूसारख्या एका प्राण्याची पारदर्शक अंडी भिंगाखाली धरली, तेव्हा दोन केंद्रकं जवळ येऊन एक होताना दिसली. फलन म्हणतात ते हेच. जी गोष्ट कपाशीच्या प्लॉटवरच्या बाईला माहीत आहे, ती माणसाच्या जातीबद्दल कळायला इतका वेळ गेला.

आता ती गोष्ट मला जशी समजली तशी सांगतो.

आधी स्त्रीबीज. माणसाच्या शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या पेशींपैकी ही एक. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. उन्हाच्या तिरपीत तरंगणाऱ्या धुळीच्या कणासारखी, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसावी अशी. हिची विशेष गोष्ट म्हणजे हिचं वय. मुलीच्या शरीरातली ही बीजं ती वयात आल्यावर तयार होत नाहीत. ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गर्भ पाच महिन्यांचा असतो तेव्हा त्या गर्भाच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली फार तर चारशे-पाचशे बीजं आयुष्यभरात, महिन्याला एक या हिशेबानं, पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात.

याचा अर्थ माझ्या लक्षात आला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. ज्या बीजापासून मी झालो, ते माझी अम्मी माझ्या नानीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालेलं होतं. विभाजनाच्या एका टप्प्यावर ते थांबलं आणि अम्मीचं बालपण, शाळा, लग्न होईपर्यंत तसंच थांबून राहिलं. म्हणजे माझ्या निम्म्या भागानं नानीच्या पोटात काही महिने काढले आहेत. नानीनं त्या दिवसांत काय खाल्लं, काय सोसलं, ते सगळं त्याच्या भोवती घडत होतं. हे कवितेतलं बोलणं नाही, हे शरीरशास्त्र आहे.

अब्बांचा वाटा मात्र ताजा होता. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्याजोगा व्हायला साधारण अडीच महिने लागतात. वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत हे काम चालू असतं, सेकंदाला हजाराच्या आसपास या वेगानं. अंग तापलेलं या कामाला चालत नाही. म्हणून पुरुषाचे अंडकोश शरीराच्या बाहेर असतात, दोन-तीन अंशांनी थंड. शुक्राणू म्हणजे एक डोकं आणि एक शेपटी. लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. डोक्यात बापाकडची २३ गुणसूत्रं घट्ट गुंडाळून ठेवलेली, डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी आणि तिच्यात पाचक द्रव्यं. शिदोरी जवळजवळ नाहीच. धावपळीला निघालेला माणूस ओझं घेत नाही, तसं.

एका वेळी असे वीस-तीस कोटी निघतात, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. आणि लगेच एका शर्यतीचं वर्णन येतं: कोट्यवधी धावतात, जो सगळ्यांत बलवान तो पहिला पोहोचतो आणि जिंकतो. बारशाच्या भाषणातही मी हे ऐकलं आहे. ही शर्यत म्हणजे जुन्याच उपमेला नवे कपडे. धावणारा तो, वाट बघत बसलेली ती.

प्रत्यक्षात काय होतं पाहा. योनीतलं वातावरण आम्लाचं असतं; तिथंच बहुतेक शुक्राणू संपतात. पुढं गर्भाशयाच्या तोंडाशी एक चिकट स्राव असतो. महिन्यातले बहुतेक दिवस तो इतका घट्ट असतो की वाट बंदच म्हणायची. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास मात्र तो पातळ, ताणला तर तार धरणारा होतो आणि वाट उघडते. गर्भाशयातून पुढचा प्रवास शुक्राणू नुसत्या शेपटीच्या जोरावर करत नाहीत. गर्भाशयाचे स्नायू हलके आकुंचन पावून त्यांना पुढं नेतात. बीजवाहिनी, म्हणजे डॉक्टर जिला ट्यूब म्हणतात, तिच्या रुंद भागापर्यंत कोट्यवधींतले काही शेच पोहोचतात.

आणि जे सगळ्यांत आधी पोहोचले त्यांचा उपयोग नसतो. हे १९५१ मध्ये कळलं. अमेरिकेत काम करणारे चिनी वंशाचे शास्त्रज्ञ एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियाचे कॉलिन ऑस्टिन या दोघांनी वेगवेगळं काम करून, एकानं सशांवर आणि एकानं उंदरांवर, दाखवून दिलं की बाहेरून आलेला ताजा शुक्राणू बीजाचं फलन करूच शकत नाही. त्याला मादीच्या शरीरात काही तास काढावे लागतात. तिथले स्राव त्याच्यावरचा लेप उतरवतात, त्याचं आवरण बदलतं, शेपटीची चाल बदलते. तेव्हा कुठं तो लायक होतो. कोरं मडकं भाजल्याशिवाय पाणी धरत नाही, तसं. ही भट्टी बाईच्या शरीरात आहे.

इकडं अंडाशयातून पिकलेलं बीज बाहेर पडतं. ट्यूबच्या टोकाला बोटांसारख्या झालरी असतात, त्या ते उचलून आत घेतात. बीजाभोवती मऊ पेशींचं एक वलय असतं. त्या पेशींमधून प्रोजेस्टेरॉन पाझरतं आणि ते जवळपासच्या शुक्राणूंना हलवून जागं करतं. म्हणजे बीज नुसतं पडून राहिलेलं नसतं. आपण कुठं आहोत याची खूण ते आणि त्याच्या सोबतच्या पेशी देत असतात. मात्र वेळ थोडा असतो. बाहेर पडलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून महिन्यातले गर्भ राहण्याजोगे दिवस साधारण सहाच: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. कित्येक जोडपी वर्षानुवर्षं हे दिवस माहीत नसल्यामुळं निराश होतात.

बीजाशी पोहोचल्यावर शुक्राणूला ते मऊ वलय आणि त्याच्या आतलं एक जाड पारदर्शक कवच ओलांडायचं असतं. डोक्यावरची टोपी उघडते, पाचक द्रव्यं बाहेर पडतात, शेपटीचा जोर लागतो. पण कवच ओलांडलं म्हणजे आत शिरता येतं असं नाही. बीजाच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं आणि शुक्राणूवर दुसरं. ही दोन एकमेकांना धरतात तेव्हाच पुढचं घडतं. शुक्राणूवरचं प्रथिन जपानी शास्त्रज्ञांना २००५ मध्ये सापडलं. त्यांनी त्याला 'इझुमो' नाव दिलं; इझुमो हे जपानमधलं लग्नगाठी जुळवणारं देवस्थान. बीजावरचं जोडीचं प्रथिन इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये सापडलं. त्याला 'जुनो' म्हणतात. जुनो ही रोमन लोकांची विवाहाची देवी. नावं ठेवणारे हे लोक शास्त्रज्ञ होते, पण त्यांच्यात थोडा कवी असावा असं मला वाटतं. आणि त्यांची उपमा माझ्यापेक्षा बरी होती. गाठ म्हटली की दोन टोकं आलीच.

गाठ पडल्याबरोबर बीजात खळबळ उडते. कॅल्शियमच्या लाटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जातात. पृष्ठभागाखालच्या बारीक पिशव्या फुटून त्यातला माल बाहेर पडतो आणि कवच टणक होतं. आता दुसऱ्या शुक्राणूला वाट नाही. तासाभरात बीज आपल्या अंगावरचं सगळं जुनो झटकून टाकतं. दार लावून घेतं म्हणा. याच वेळी बीज जस्ताचे अब्जावधी अणू बाहेर फेकतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मानवी बीजाच्या बाबतीत हे पाहिलं गेलं. तिथं शुक्राणू वापरला नव्हता, रसायनानं बीज जागं केलं होतं; आणि जस्त मिळालं की चमकणारा रंग आधीच भोवती घातलेला होता. त्यामुळं सूक्ष्मदर्शकाखाली बीजाभोवती प्रकाशाचं कडं झळकलं. वर्तमानपत्रांनी 'जन्माची ठिणगी' असे मथळे दिले. कवी म्हणून मलाही मोह झाला. पण एकदा बी चुकल्यावर मी सावध झालो आहे.

आणि आता ती थांबलेली गोष्ट पुरी होते. नानीच्या पोटात सुरू झालेलं बीजाचं विभाजन बीज बाहेर पडताना एक पाऊल पुढं जाऊन पुन्हा थांबलेलं असतं. शुक्राणू आत आल्यावरच ते संपतं. बीज आपल्या ४६ गुणसूत्रांतला निम्मा वाटा बाजूला टाकत टाकत २३ वर येतं. बापाची २३ गुणसूत्रं घट्ट गुंडाळीतून सोडवण्याचं काम बीजच करतं. त्यांत काही मोडतोड झाली असेल तर शक्य तेवढी डागडुजीही तेच करतं. बापाकडून गुणसूत्रांबरोबर आणखी एक मोलाची गोष्ट येते: पेशीचं विभाजन करणाऱ्या धाग्यांचं केंद्र. त्याच्या आधारानं २३ आणि २३ एका रांगेत उभी राहतात आणि साधारण एका दिवसानंतर एका पेशीच्या दोन होतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मात्र आईच्याच टिकतात, बापाच्या नष्ट होतात. पहिले दोन-तीन दिवस सगळा कारभार बीजात साठवलेल्या आईच्या शिदोरीवर चालतो. पाचेक दिवसांत हा गोळा ट्यूबमधून गर्भाशयात उतरतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी अस्तरात रुजायला लागतो.

रुजायला लागतो. म्हणजे पेरणी होते ती आता. पेरलं जातं ते बी दोघांचं मिळून झालेलं असतं, आणि ते आईच्या शरीरातच झालेलं असतं. ती बाई काहीच चुकीचं बोलली नव्हती. पुरुषाकडं असतो तो पराग. बी नव्हे.

आता ओट्यावरच्या काकूंकडं येतो. आईच्या २३ गुणसूत्रांत लिंग ठरवणारं गुणसूत्र नेहमी एक्सच असतं, कारण तिच्याकडं दोन्ही एक्सच आहेत. बापाकडं एक एक्स आणि एक वाय. शुक्राणूंपैकी साधारण निम्मे एक्स घेऊन येतात, निम्मे वाय. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. हे १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी पिठातल्या किड्यांवर काम करून दाखवलं. त्याच सुमारास एडमंड विल्सन यांनीही. म्हणजे काकूंच्या पोटात मुलीच नव्हत्या. मुलगी की मुलगा हे काकांकडून येणाऱ्या शुक्राणूवर ठरत होतं. यात काकांचाही दोष नाही, तेही काही ठरवत नव्हते. नाणं उडतं, पडतं. पण चाळीस वर्षं बोलणी काकूंनी खाल्ली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ ला ९१३ होती, ती २०११ ला ८९४ झाली. तपासणीची यंत्रं नवीन आली, डोक्यातली उपमा जुनीच राहिली.

आणि खाला. तिची पिशवी किती वेळा साफ केली याची मोजदाद नाही. तावीज झाले, काढे झाले, गुरुवार झाले. खालूंना नातेवाईक म्हणत, दुसरी कर. त्यांनी केली नाही, हे त्यांचं मोठेपण. खरं तर दुसरी केली असती तर आणखी एक बाई बांझ ठरली असती. कारण शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हट्ट धरला की दोघांची तपासणी झाल्याशिवाय मी औषध लिहिणार नाही. खालू तीन महिने टाळाटाळ करत होते. मग गेले. दोन-तीन दिवसांचा संयम, एक छोटी बाटली, तासाभराचं काम. खालाला अकरा वर्षांत जे सोसावं लागलं, त्याच्या पुढं ही तपासणी ती काय! कागदावर लिहिलं होतं, शुक्राणू नाहीत.

खालूंनी तो कागद खिशात ठेवला आणि घरी येऊन सांगितलं, "दोघांचं सगळं ठीक आहे, अल्लाहची मर्जी." खाला शेजारी उभी होती. तिला डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलेलं होतं. ती काही बोलली नाही. तीस वर्षं बोलली नाही. खालू गेल्यानंतर एकदा मी तिला हे सगळं बीजाचं शास्त्र मोठ्या उत्साहानं समजावत होतो, तेव्हा तिनं मला थांबवलं आणि ही हकीकत सांगितली. म्हणाली, "उनकी इज़्ज़त रह गई ना, बाबा." मी विचारलं, "आणि तुझी?" ती हसली आणि पानाचा डबा पुढं ओढला. नंतर म्हणाली, "नाव सांगू नको. गोष्ट सांग." म्हणून सांगितली.

तिच्या ऐन उमेदीच्या वर्षांत उपाय जवळ येऊन ठेपले होते. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, शरीराबाहेर फलन झालेलं जगातलं पहिलं मूल. त्यासाठी रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं. १९७८ मध्येच ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली. सरकारी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली अशी मुलगी जन्मली. त्या कामातले त्यांचे सहकारी डॉ. आनंद कुमार यांनी मुखर्जींची टिपणं वाचून १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की, देशात पहिला मान त्यांचा. असं म्हणायलाही मोठं मन लागतं. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू बारीक सुईनं बीजात सोडून गर्भ राहिल्याचं जाहीर केलं. ज्या पुरुषांत शुक्राणू अगदी कमी आहेत त्यांच्यासाठी ही वाट आहे. पण या सगळ्या वाटा एका दारातून जातात: पुरुषानं तपासायला जायचं.

ज्या जोडप्यांना मूल होत नाही, त्यांतल्या साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत. जगात सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी तरी ही अडचण येते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. ही लाज नाही, दुखणं आहे. कधी गालगुंड वृषणांवर उतरल्यामुळं, कधी वाहिनी बंद असल्यामुळं, कधी जन्मापासूनचं. शुक्राणू कमी असले म्हणजे पुरुषपण कमी असतं असं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे खालूंना कुणी वेळेवर सांगितलं असतं तर कदाचित तो कागद खिशात गेला नसता.

मराठीत हे उघड बोलण्याची सोय आपल्याला फार आधी करून दिलेली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांच्यानंतरही आमच्या सरांना तो धडा वर्गात वाचता आला नाही, आणि मला घरी.

एवढंच सांगायचं आहे. लग्नाला वर्ष झालं, दोघांची इच्छा आहे आणि मूल राहत नाही, तर दोघांनी एकाच दिवशी डॉक्टरकडं जावं. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच. आणि पहिली तपासणी नवऱ्याची करावी, कारण ती सगळ्यांत सोपी आणि बिनत्रासाची आहे. सासूबाईंनी 'हिच्यात काही तरी आहे' म्हणण्याआधी त्या कागदाची वाट बघावी.

ती कविता मी आता वाचत नाही. संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांनी विचारलं, काढायची की दुरुस्त करायची? मी दुरुस्त करून पाहिली. बी तेवढं बदलायला गेलो तर जमीन, पाभर, पाऊस सगळंच बदलायला लागलं. मग काढून टाकली. सीड प्लॉटवरच्या त्या बाईंना संग्रह पाठवायचा होता, पण मी त्या दिवशी त्यांचं नाव विचारलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)